मान, मानगूट आणि हिंजवडीचा गळ

(१) जुन्या कागदांचें वाचन करतांना वाचक अडखळतो तो फारशी शब्दांपाशीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अडखळतो हें खरें, पण फसतो तो बहुधा दुसरीकडे. फारशी शब्द अपरिचित असतो, म्हणून वाचक तेथें सावध होतो, कोश उघडतो, चार जाणत्यांस विचारतो. घरगुती मराठी शब्द पुढें आला कीं ही सावधगिरी सुटते. रोज तोंडांत असलेल्या शब्दास कोश कोण पाहतो? मान, मानगूट, गळ, गळा हे शब्द या जातीचे आहेत. ते एकमेकांसारखे दिसतात, एकमेकांच्या शेजारीं वावरतात, आणि त्यांतील कित्येकांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. एकाच्या जागीं दुसरा धरला, तर ज्याचा गौरव झाला त्याचा शिरच्छेद झाला असें वाचलें जाईल, किंवा ज्यानें देवाची सेवा केली त्यास सरकारनें शिक्षा दिली असा निष्कर्ष निघेल. हे शब्द कोणत्या खुणांनीं ओळखावे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यांपैकीं एका शब्दाची जिवंत साक्ष पुण्याजवळच हिंजवडी येथें मिळते, म्हणून त्या गांवाच्या यात्रेचाही विचार पुढें केला आहे.

(२) प्रथम ‘मान’ शब्द पाहूं. ग्रीवा या अर्थाचा हा शब्द स्त्रीलिंगी आहे व तो संस्कृत ‘मन्या’ या शब्दापासून आला आहे. मन्या शब्द अथर्ववेदाइतका जुना आहे. अमरकोशांत मन्या म्हणजे ग्रीवेच्या मागील बाजूची शीर असा अर्थ दिला आहे. वैद्यकांत मान आंखडण्याच्या विकारास मन्यास्तंभ म्हणतात, आणि सुश्रुताच्या मर्मगणनेंत मन्या हें मानेंतील एका मर्माचें नांव आहे. तेव्हां मूळ शब्दाचा रोख मानेच्या मागल्या अंगाकडे होता, हें स्पष्ट आहे. मराठींत येतां येतां हा अर्थ पसरला. आज ‘मान’ म्हटली म्हणजे डोकें व धड यांना जोडणारा सबंध अवयव असें आपण समजतों, आणि त्याच्या पुढल्या अंगास ‘गळा’ हें वेगळें नांव राहिलें आहे.

अर्थाचा असा विस्तार झाला कीं मूळची जागा उघडी पडते. पाठीमागील नेमक्या भागास संस्कृतांत अवटु, घाटा, कृकाटिका असे शब्द होते. त्यांपैकीं एकही मराठींत व्यवहाराचा म्हणून टिकला नाहीं. मन्येची मान झाली व मान सगळ्या ग्रीवेची झाली, तेव्हां मागल्या भागास नवा शब्द हवा होता, आणि तें काम ‘मानगूट’ शब्दानें केलें. मानगूट म्हणजे मानेचा मागला, मांसल, मुठींत धरतां येण्याजोगा भाग. ‘मुठींत धरतां येण्याजोगा’ हें विशेषण येथें महत्त्वाचें आहे. नाक, कान, कपाळ हे शब्द अवयव नुसता दाखवितात. मानगूट शब्दांत मात्र तो अवयव धरणारा दुसरा कोणी तरी गृहीत असतो. ‘माझी मान दुखते’ असें आपण म्हणतों. ‘माझी मानगूट दुखते’ असें क्वचितच कोणी म्हणेल. स्वतःच्या देहापुरती ती मान असते, दुसऱ्याचा हात पडला कीं तिची मानगूट होते.

(३) मराठींत ‘धरणें’ या क्रियापदाबरोबर जे अवयव येतात, त्यांत एक व्यवस्था आहे. पाय धरणें म्हणजे याचना करणें. हात धरणें म्हणजे आधार देणें, किंवा एखाद्या कृत्यापासून थांबविणें. पदर धरणें म्हणजे आश्रय मागणें. कान धरणें म्हणजे वडीलपणानें चूक दाखविणें. शेंडी हातीं लागणें म्हणजे वर्म सांपडणें. या सगळ्या प्रकारांत धरणारा व धरलेला यांचें कांहीं तरी नातें असतें व ते समोरासमोर असतात. मानगूट धरणें यांत तसें कांहीं नाहीं. येथें धरणारा पाठीमागें असतो. धरलेल्यास त्याचें तोंड दिसत नाहीं, उलट हात उचलतां येत नाहीं, आणि धरणारा नेईल तिकडे जावें लागतें. बळाच्या वापराचें इतकें नेमकें वर्णन करणारा दुसरा अवयववाचक शब्द आपल्या भाषेंत नाहीं.

भुतासंबंधींचा प्रयोग याच अर्थाचा पुढला टप्पा आहे. भूत मानगुटीस बसतें. तें छातीवर कां बसत नाहीं किंवा डोक्यावर कां बसत नाहीं, तर जें दिसत नाहीं आणि झटकतांही येत नाहीं अशा पीडेस मागली बाजूच योग्य. कर्ज, खटला, नको असलेली जबाबदारी, हीं सर्व मानगुटीस बसतात तीं याच न्यायानें. खांदा व मानगूट यांतील भेद येथें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८३० सालीं मराठींत आणलेल्या वेताळपंचविशींतील राजा विक्रम वेताळास खांद्यावर घेऊन चालतो. तेथें ओझें स्वखुषीनें पत्करलेलें असतें, म्हणून तो खांदा. तोच वेताळ राजाच्या इच्छेविरुद्ध चढला असता, तर आपण मानगुटीस बसला असेंच म्हटलें असतें. दोन्ही जागांत वितीचेंही अंतर नाहीं, भेद आहे तो संमतीचा.

(४) मानगुटीच्या शेजारचे तीन-चार शब्द आतां वेगळे काढूं.

‘बखोट’ हा शब्द पुष्कळदां मानगुटीच्या अर्थीं समजला जातो, तें बरोबर नाहीं. बखोट म्हणजे दंडाचा वरचा, काखेलगतचा भाग. बखोटीस धरून नेलेला मनुष्य धरणाऱ्याच्या बाजूनें चालतो, मानगुटीस धरलेला पुढें ढकलला जातो. पहिल्या प्रकारांत आईनें मूल घरीं नेणेंही बसतें, दुसऱ्यांत तें सहसा बसत नाहीं.

‘गचांडी’ हें अवयवाचें नांव नसून कृतीचें नांव आहे. मानेस पकडून दिलेला हिसका किंवा धक्का म्हणजे गचांडी. म्हणून गचांडी देतात, मारतात, किंवा गचांडी धरून बाहेर काढतात, परंतु गचांडी दुखत नाहीं व गचांडीवर फोड येत नाहीं.

‘अर्धचंद्र’ हा शब्द सभ्य लेखनांत याच कृतीसाठीं येतो व तो संस्कृतांतून सरळ आला आहे. आंगठा व बोटें फांकवून हात मानेस लावला कीं त्याचा आकार अर्ध्या चंद्रासारखा होतो. नाट्यशास्त्रांत एका हस्तमुद्रेस हेंच नांव आहे. अर्धचंद्र देणें म्हणजे मान पकडून घालवून देणें, हा अर्थ वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशांत नमूद आहे. ‘गलहस्त’ हाही त्याच अर्थाचा संस्कृत शब्द. अर्धचंद्र म्हणजे बाणाचें एक प्रकारचें फळही होतें. तेव्हां युद्धाच्या वर्णनांत अर्धचंद्र आला तर तो बाण, व दरबाराच्या वर्णनांत आला तर हकालपट्टी, असा सामान्य ठोकताळा सांगतां येईल.

‘गर्दन’ हा फारशी शब्द. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत तो मुख्यतः ‘मारणें’ या क्रियापदाबरोबर येतो आणि गर्दन मारणें म्हणजे शिरच्छेद करणें. येथें विशेष असा कीं धरण्याच्या कामीं मराठीनें आपला देशी शब्द ठेविला व तोडण्याच्या कामीं दरबाराचा शब्द घेतला. गांवचा पाटील मानगूट धरी, गर्दन मारण्याचा अधिकार राजसत्तेचा. शब्दांची ही वांटणी अधिकाराच्या वांटणीशीं जुळणारी आहे.

(५) मानगुटीचा संबंध सर्वत्र जबरदस्तीशींच येतो असें मात्र नाहीं. जनावरांत तिची दुसरी बाजू दिसते. मांजर आपलें पिलूं मानगुटीस धरून नेतें. तेथील कातडी सैल असते, दांत लागत नाहींत, आणि पिलूं अंग सैल सोडून निश्चल राहतें. रामानुजसंप्रदायांत यावरून मोठा वाद उभा राहिला. माकडाचें पिलूं आईस स्वतः घट्ट धरतें, मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास धरते. जीवानें ईश्वरास धरावें कीं ईश्वरानें जीवास उचलावें, हा तो वाद. वडकलै पंथाचा पक्ष मर्कटकिशोरन्याय आणि तेन्कलै पंथाचा पक्ष मार्जारकिशोरन्याय या नांवानें ओळखला जातो. म्हणजे जी जागा मनुष्यांत बळाची खूण, तीच येथें पूर्ण विश्वासाची खूण झाली.

बैलाच्या बाबतींत तिसराच प्रकार. जूं बसतें तें मानेच्या वरच्या अंगावर, वशिंडाच्या पुढें. वर्षभर घांसलेल्या त्या जागेस बेंदुराच्या किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशीं तूप अथवा तेल व हळद लावून चोळतात व त्यास खांदेमळणी म्हणतात. कृषीवल या जागेस खांदा म्हणतो, मानगूट म्हणत नाहीं. ज्याच्याकडून काम घेतलें त्याच्याविषयींची कृतज्ञता शब्दाच्या निवडींत उतरली आहे.

(६) आतां कागदांच्या वाचकास खरी अडचण घालणाऱ्या शब्दाकडे वळूं. ग्रीवावाचक ‘मान’ शब्दाशीं तंतोतंत जुळणारे आणखी दोन शब्द आहेत. एक संस्कृत ‘मान’ म्हणजे आदर, हा पुल्लिंगी. दुसरा मापाच्या अर्थाचा, जो दिनमान, हवामान, ‘त्या मानानें’ इत्यादि प्रयोगांत दिसतो. तिघांचें मूळ वेगळें. मोडी लिपींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत व शब्दही सुटे लिहीत नाहींत, त्यामुळें लेखक येथें वाचकास फारशी मदत करीत नाहीं. मदत होते ती व्याकरणाची.

ग्रीवेची मान स्त्रीलिंगी म्हणून ‘मान दिली’, आदराचा मान पुल्लिंगी म्हणून ‘मान दिला’. एका काना-वेलांटीच्या फरकानें प्राण जातो किंवा पागोटें मिळतें. विभक्ति लागली म्हणजे खूण आणखी पक्की होते. ग्रीवेचें सामान्यरूप ‘माने-’ आणि आदराचें ‘माना-’. मानेस व मानास, मानेचा व मानाचा, हीं रूपें शाबूत असतील तेथें संशयास जागा उरत नाहीं. वतनाच्या तंट्यांत हक्कलाजिमा व मानपान यांच्या यादी येतात, पोळ्यास कोणाचा बैल पुढें, होळीस पोळी कोणाची, पान प्रथम कोणास. तेथील मान निरपवाद पुल्लिंगी आहे. कागद फाटून क्रियापद गेलें असेल, तर पुढील-मागील विभक्तींवरून निर्णय करावा, नुसत्या ‘मान’ या दोन अक्षरांवरून करूं नये.

समासांत मात्र हीही खूण नाहींशी होते, आणि तेथेंच खरी चूक संभवते. मानखंडना व मानमोडी हे दोन शब्द घ्या. खंडणें व मोडणें यांचा अर्थ जवळजवळ एकच, पण पहिल्यांत आदर मोडतो व दुसऱ्यांत ग्रीवा. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीस महाराष्ट्रांत लोक मानमोडी म्हणत, तें दुसऱ्या अर्थानें. आतां जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगराचें नांव पाहा. ज्यास साथीचें नांव ठाऊक आहे, तो या डोंगराच्या नांवांतही मोडलेली मान पाहील, आणि कडा अवघड आहे अशी उपपत्तिही बसवील. परंतु त्या डोंगरांतील लेण्यांच्या प्राकृत लेखांत डोंगराचें नांव मानमुकुड असें आलें आहे. याच डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे, यावरून या लेण्यांची प्राचीनता ध्यानांत येईल. मुकुडाचें मोडी झालें आणि मग नव्या रूपास नवा अर्थ चिकटला. डोंगराच्या नांवांत कोणाची मान मोडलेली नाहीं, शब्द तेवढा झिजला आहे.

रोमन लिपीनें या गोंधळांत आपली भर घातली. हिंजवडीस लागून असलेल्या गांवाचें नांव ‘माण’. देवनागरींत व मोडींत णकार स्वच्छ दिसतो. रोमन अक्षरांत उतरल्यावर माण व मान एकच होतात. खुद्द हिंजवडीचें नांवही याच वाटेनें ‘हिंजेवाडी’ असें लिहिलें-बोललें जाऊं लागलें. वडी व वाडी यांतील भेद रोमन अक्षरांनीं पुसला. ग्रामनामांवर लिहिणाऱ्यानें प्रथम देशी लिपींतील कागद पाहावा, हा नियम येथें पुन्हां सिद्ध होतो.

(७) ‘मान’ शब्दाची जी कथा, तीच ‘गळ’ शब्दाची. गळा म्हणजे कंठ. गळ म्हणजे लोखंडी आंकडा, मासे धरण्याचा किंवा टांगण्याचा. दोन्ही पुल्लिंगी, म्हणून लिंगाची खूण येथें उपयोगी नाहीं. सामान्यरूपाची खूण मात्र आहे. आंकड्याचें ‘गळा-’ व कंठाचें ‘गळ्या-’. मासा गळाला लागतो आणि संकट गळ्याशीं येतें. गळ घालणें म्हणजे पिच्छा पुरवून आग्रह करणें, हा प्रयोग आंकड्याचा. गळ्यांत पडणें हा कंठाचा. समासांत पुन्हां दोघांचें रूप ‘गळ-’ असें एकच होतें. गळफास, गळचेपी, गळपट्टा यांत कंठ आहे. मग ‘गळकरी’ या शब्दांत काय आहे?

याचें उत्तर हिंजवडींत मिळतें. पुण्याच्या वायव्येस मुळशी तालुक्यांतील हें गांव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळें सर्वत्र ठाऊक आहे. संगणकाच्या कचेऱ्या येण्यापूर्वींची त्याची ओळख श्रीम्हातोबाच्या बगाडाची होती आणि ती अद्याप चालू आहे. हिंजवडी व शेजारचें वाकड या दोन्ही गांवांचा हा उत्सव चैत्री पौर्णिमेस, हनुमानजयंतीच्या दिवशीं होतो. बगाड म्हणजे गाड्यावर उभा केलेला खांब व त्याच्या माथ्यावर फिरतें ठेवलेलें लांब आडवें लाकूड. त्या लाकडाच्या टोंकाशीं नवसाचा मनुष्य टांगला जातो. हिंजवडींत या मनुष्याच्या पाठींत गळ टोंचतात, म्हणून तो गळकरी. बगाड हिंजवडीहून वाकडास जातें आणि वाटेनें म्हातोबाच्या नांवाचें ‘चांगभलं’ चालू असतें.

गळकरी शब्दांत कंठ नाहीं, आंकडा आहे. गळ मानगुटींतही जात नाहीं, तो पाठींत जातो. हें सांगण्याचें कारण असें कीं, यात्रा न पाहिलेला व शब्द मात्र वाचलेला मनुष्य गळकऱ्यास गळ्यानें टांगलेला मनुष्य समजेल, आणि मग तो फांशीच्या शिक्षेपासून फार दूर राहणार नाहीं. वस्तुतः गळकरी होणें हा मान आहे, पुल्लिंगी मान, आणि तो परंपरेनें चालत येतो. लोखंड देहांत जातें, पण पाठीमागून कोणी मानगूट धरलेली नसते. वर तिसऱ्या कलमांत खांदा व मानगूट यांचा जो भेद दाखविला, तोच येथें लागू आहे.

महाराष्ट्रांत इतरत्र खंडोबा, भैरव वगैरे दैवतांपुढें गळ टोंचून घेण्याची चाल होती. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें तिला विरोध केला. बंगालमध्यें चडकपूजेंतील याच प्रकारास १८६५ सालीं लेफ्टनंट गव्हर्नर सर सेसिल बीडन यांनीं मनाई केली, मुंबई इलाख्यांतही सरकारी प्रतिबंध झाला. त्यानंतर पुष्कळ ठिकाणीं गळ गेला व दोर आला. वाईजवळच्या बावधन येथें रंगपंचमीस भैरवनाथाचें मोठें बगाड निघतें. तेथें आडव्या लाकडास शीड व टांगलेल्या मनुष्यास बगाड्या म्हणतात, आणि त्यास बांधून टांगतात. गळ नाहीं म्हणून गळकरी हा शब्दही तेथें मुख्य राहिला नाहीं, बगाडावरून बगाड्या हें नांव रूढ झालें. हिंजवडींत वस्तु टिकली म्हणून शब्दही अर्थासह टिकला. वस्तु गेली असती, तर गळकरी शब्दाचें काय झालें असतें, हें मानमोडीच्या उदाहरणावरून ताडतां येतें. एखाद्यानें त्यास गळ्याशीं जोडलें असतें व एखादी दंतकथाही रचिली असती.

या प्रथेच्या योग्यायोग्यतेचा विचार प्रस्तुत लेखाचा विषय नाहीं. देहपीडा कोठवर जावी, याविषयीं मतभेद आहेत व ते रास्त आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें जपावयाचें तें शब्दाचें व वस्तूचें नातें. जुन्या इंग्रजी लिखाणांत गळ टोंचून घेणाऱ्याचें वर्णन बहुधा छळ सोसणारा असेंच येतें. गांवाच्या भाषेंत तो मानकरी असतो. दोन्ही नोंदी एकाच मनुष्याच्या आहेत, हें शब्द नीट वाचल्याशिवाय कळणार नाहीं.

(८) वरील विवेचनावरून कागद वाचणारांस उपयोगी पडतील असे चार नियम काढतां येतात. पहिला, ‘मान’ शब्द आला कीं प्रथम लिंग पाहावें, मग सामान्यरूप, आणि अर्थ शेवटीं ठरवावा. दुसरा, ‘गळ’ शब्दाच्या बाबतींत लिंग निरुपयोगी आहे, तेथें यकार आहे कीं नाहीं हें भिंग लावून पाहावें. तिसरा, समासांत दोन्ही खुणा लुप्त होतात, म्हणून तेथें शब्दावरून वस्तु न ठरवितां वस्तूवरून शब्द ठरवावा, आणि वस्तु जेथें अजून चालू आहे तेथें जाऊन पाहावें. चौथा, मानगूट, बखोट, गचांडी, अर्धचंद्र व गर्दन हे पर्यायशब्द समजूं नयेत. कोणी कोणास कोणत्या अधिकारानें धरलें, हें त्यांतील प्रत्येक शब्द वेगवेगळें सांगतो.

मोल्स्वर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ चा. या थोर ग्रंथांनीं शब्दांची मोठी दौलत रक्षिली. कोशांतील अर्थाच्या मागें उभी असलेली वस्तु, म्हणजे गाडा, खांब, आंकडा, जूं, खांद्यास लावलेली हळद, ही मात्र गांवोगांव विखुरलेली आहे व ती कोशाइतकी टिकाऊ नाहीं. ज्यांच्या संग्रहीं देवस्थानांचे व वतनांचे जुने कागद आहेत, त्यांनीं बगाड, गळ व गळकरी यांसंबंधींचे उल्लेख लिंगवचनांसह, मुळाबरहुकूम उतरून प्रसिद्ध करावे. एका वेलांटीवर एखाद्या घराण्याचा मान अवलंबून असतो, आणि ती वेलांटी आज ज्याच्या दप्तरांत आहे त्याच्यावांचून ती दुसऱ्या कोणास दिसणार नाहीं.